ई-सिगारेटला तंबाखूचाच कायदा लावावा का?

सांजवेळ

गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गावर भूमितीचा तास चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाची कंपासपेटी खाली पडली आणि सगळं सामान पसरलं. मीच जवळ होते म्हणून वाकून उचलायला लागले. कर्कटक, कोनमापक, पेन्सिलींचे तुकडे आणि त्यातच बोटभर लांबीची गुलाबी, गुळगुळीत वस्तू. मला आधी हायलायटर वाटला. हातात घेतल्यावर एका टोकाला चपटं तोंड दिसलं, दुसऱ्या टोकाला बारीक दिवा, आणि कलिंगडाचा गोडसर वास आला. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तास संपल्यावर त्याला बाजूला घेतलं. ओरडले नाही. तो म्हणाला, "बाई, ही सिगारेट नाहीये. यात तंबाखू नसते, नुसती वाफ असते." तो मला फसवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. निकोटीनची टक्केवारी खालच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापली होती, ती त्याने कधी वाचलीच नव्हती.

आता घरातली गोष्ट. माझा थोरला दादा बावीस वर्षं सिगारेट ओढत होता, दिवसाला वीस. निकोटीनचं च्युइंगम झालं, पट्ट्या झाल्या, आईच्या पायावर हात ठेवून शपथा घेऊन झाल्या. परदेशात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी त्याला ई-सिगारेट वापरून बघायला सांगितलं आणि चार महिन्यांत त्याची सिगारेट सुटली. त्याला तीन वर्षं झाली. सुट्टीला आला की आई अजूनही त्याचे धुवायला टाकलेले शर्ट नाकाशी नेते, आणि वास आला नाही की काही न बोलता बादलीत टाकते.

ज्या वस्तूने दादाला वाचवलं तीच त्या मुलाच्या कंपासपेटीत होती. सरकारने हिच्यावर नियंत्रण ठेवावं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण वयाची अट, जाहिरातबंदी, पाकिटावरची चित्रं, जबर कर, सार्वजनिक जागी मनाई हे सगळं तंबाखूला आहे तसंच्या तसं लावावं का, इथे माझं अडतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना_वाचक

तसेच्या तसे कशाला, पूर्ण बंदीच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात. सिगारेट पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, आणि तिने काय केले हे कळेपर्यंत अनेक घरे उद्ध्वस्त झाली. तोच प्रयोग पुन्हा कशासाठी? भारताने २०१९ साली ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आणली. थायलंड आणि सिंगापूरनेही आणली. योग्य केले.

रानवारा

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे पटत नाही. याच बंदीनंतर सिगारेट तिथेच राहिली, उघड आणि कायदेशीर. ओढणाऱ्याला ती कुठेही मिळते आणि सोडायला मदत करणारी वस्तू विकणारा मात्र गुन्हेगार. हे कसलं आरोग्य धोरण?

मी सतरा वर्षं ओढली. सोडताना मला सगळ्यात जास्त त्रास हाताचा झाला, हे न ओढणाऱ्याला कळणं कठीण आहे. च्युइंगमने तलफ थोडी भागते, पण जेवणानंतर, फोनवर बोलताना, वाट बघत उभं असताना हात रिकामा राहतो आणि मन सैरभैर होतं. ई-सिगारेटने तो हात भरला. मिलिलिटरला अठरा मिलिग्रॅम निकोटीनपासून सुरुवात केली. मग बारा, मग सहा. आता तीनवर आहे. दुसऱ्या महिन्यात सकाळचा खोकला थांबला. बायको म्हणाली, "आज तू खोकला नाहीस, म्हणून मला जागच आली नाही."

अबोली

वाचतेय. दोन मुलांची आई आहे, पोटात गोळा आला.

औषधवाला

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सिगारेट मारते ती मुख्यतः जळण्यामुळे. तंबाखू पेटली की ७,००० हून जास्त रसायनं तयार होतात, त्यातली किमान ७० कर्करोगकारक. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिथूनच येतात. ई-सिगारेटमध्ये काही पेटत नाही. बॅटरीवर छोटी कॉइल तापते आणि कापसात मुरलेलं लिक्विड उडतं. लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन. त्यामुळे रानवारा म्हणतात ते खरं आहे, पेटवलेल्या सिगारेटपेक्षा यात विषारी द्रव्यं बरीच कमी असतात.

पण "नुसती वाफ" हे साफ चूक. ते अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं असतं. कॉइल जास्त तापली की फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात. फ्लेवर खाण्यासाठी सुरक्षित ठरलेला असला तरी तो फुप्फुसासाठी सुरक्षित आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायअसिटिल हे याचं उदाहरण. पोटात गेलं तर चालतं, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ रोज श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडमध्ये ते घालायला बंदी आहे. असा नियम तंबाखूच्या कायद्यात सापडणार नाही, कारण तंबाखूला त्याची गरजच पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीच्या लिक्विडमध्ये निकोटीन वाढवलं की घसा जळायचा, ठसका लागायचा. नवख्याला तो ठसकाच थांबवायचा. मग निकोटीनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार करायची युक्ती निघाली. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ज्यूल या ई-सिगारेटने ती घरोघरी पोचवली. मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम निकोटीन, आणि घशाला काही जाणवतच नाही. आठवीतल्या मुलाला पहिल्याच झुरक्याला ठसका लागला असता तर कदाचित त्याने ती वस्तू फेकून दिली असती. युरोपीय संघात मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. मला विचाराल तर सरकारने सगळ्यात आधी हात घालावा तो इथे.

अबोली

औषधवाला काका, धन्यवाद. क्षाराचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

माझं म्हणणं जाहिरातींबद्दल आहे. सिगारेटची जाहिरात टीव्हीवरून हद्दपार व्हायला किती वर्षं लागली! अमेरिकेत ती १९७१ मध्ये बंद झाली. ई-सिगारेट आली आणि तरुण चेहरे, चमकदार रंग, नाचगाणी, सगळं परत आलं, ह्या वेळी थेट मुलांच्या मोबाइलवर. अमेरिकेतल्या सरकारी पाहणीत २०११ साली नववी ते बारावीची १.५ टक्के मुलं ई-सिगारेट वापरत होती. २०१९ मध्ये २७.५ टक्के. चार मुलांत एकाहून जास्त! ती मुलं काही सिगारेट सोडायला निघालेली नव्हती, त्यातल्या कितीतरी जणांनी सिगारेट कधी हातातही धरली नव्हती. रानवारा, तुमची सुटली याचा मनापासून आनंद आहे. पण तुमच्या सोयीची किंमत माझ्या मुलीने मोजायची का?

रानवारा

नाही, अजिबात नाही. जाहिरातबंदी आणि वयाची अट यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुकानदाराने ओळखपत्र बघितलंच पाहिजे. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांच्या पुढचे आकडेही सांगतो. त्याच पाहणीत २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं. वयाची अट २१ झाली, कारवाया झाल्या, पालक जागे झाले. तिथे मोठ्यांसाठी ती वस्तू संपूर्ण बंद झालेली नाही, तरी मुलांमधलं प्रमाण घसरलं.

कलमदान

वकिली करते, त्यामुळे माझं लक्ष मथळ्यातल्या 'तंबाखूचाच' या शब्दावर गेलं. सगळी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत २००९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला तंबाखूवर अधिकार देणारा कायदा झाला. प्रशासनाचं म्हणणं होतं की ई-सिगारेट हे औषध देणारं उपकरण आहे, म्हणून ते त्याआधीपासूनच बाहेरून येणारा माल अडवत होते. कंपन्या कोर्टात गेल्या. २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रोग बरा करण्याचा दावा नसेल आणि निकोटीन तंबाखूपासून काढलेलं असेल, तर हा माल तंबाखूजन्य समजून त्यावर नियंत्रण ठेवा. त्यासाठीचा नियम लागू व्हायला २०१६ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात राज्यांचे जे काही कायदे होते तेवढेच. अबोली ज्या वाढीबद्दल बोलतायत तिची सुरुवात याच मोकळ्या वर्षांत झाली.

बरं, नियम आला तर काही कंपन्या म्हणाल्या, आमचं निकोटीन प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, त्याचा तंबाखूच्या पानाशी संबंध नाही, सबब कायदा लागू नाही. ती पळवाट बुजवायला २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'कोणत्याही स्रोतापासूनचं निकोटीन' असे शब्द घालावे लागले. आता ६-मिथाइल निकोटीन नावाचा भाऊबंद बाजारात आलाय, म्हणजे व्याख्येत बसू नये म्हणून रेणूच थोडा बदललेला. म्हणून कायदा करताना 'तंबाखू' या शब्दावर टांगून ठेवू नका. निकोटीन आणि त्यासारखं काम करणारं काहीही, असं लिहा.

आणखी एक विसंगती. त्याच कायद्यात १५ फेब्रुवारी २००७ ला बाजारात असलेल्या सिगारेटना नव्याने मंजुरी घ्यावी लागत नाही. त्यानंतर आलेल्या मालाला मात्र लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने तो योग्य आहे, हे सिद्ध करावं लागतं. नव्या मालाची तपासणी व्हायलाच हवी. पण ज्या सिगारेटने लाखो माणसं मारली ती जुनी आहे एवढ्यावर सुटते, आणि कमी घातक वस्तू दारात अडकते. एकच कायदा सरसकट लावला की असा उलटा न्याय होतो.

युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तंबाखूच्याच निर्देशात ई-सिगारेटला वेगळं कलम आहे. निकोटीन २० मिलिग्रॅमपर्यंत, बाटली १० मिलिलिटरची, टाकी २ मिलिलिटरची, झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असं. विक्रीच्या सहा महिने आधी घटकांची माहिती सरकारला द्यायची. सिगारेटच्या पाकिटाचा ६५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्याचा, ई-सिगारेटच्या वेष्टनावर ३० टक्के भागात 'यात निकोटीन आहे आणि ते अत्यंत व्यसन लावणारं आहे' हा इशारा.

जुना_वाचक

माहितीपूर्ण प्रतिसाद. तरीही २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेट ओढून धडधाकट तरुण माणसे अतिदक्षता विभागात गेली, त्याचे काय? फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू झाले. ते कसे विसरता येईल?

औषधवाला

विसरायचं नाहीच. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. पण कारण नीट समजून घ्या. बहुतेक रुग्णांनी टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, असलेली काडतुसं (ई-सिगारेटमध्ये बसवायच्या तेलाच्या नळ्या) वापरली होती, आणि ती बरीचशी ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून आणलेली होती. तेल दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं होतं. रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रवात तेच सापडलं. हे व्हिटॅमिन गोळीतून घेतलं तर काही होत नाही.

मी यातून एवढाच अर्थ काढतो की बाटलीत काय आहे ते तपासणारं कोणी नसेल तर माणसं मरतात. बंदी आली तरी बाटली राहते, तपासणारा मात्र जातो.

मुक्तछंद

याला जोडून ऑस्ट्रेलिया. तिथे ऑक्टोबर २०२१ पासून निकोटीनवाली ई-सिगारेट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेणं बेकायदा झालं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चिठ्ठी घेणारे थोडे आणि चोरटा माल घेणारे खूप. २०२४ च्या सुरुवातीला डिस्पोजेबलची, म्हणजे वापरून फेकायच्या ई-सिगारेटची, आयात थांबवली, जुलैपासून विक्री फक्त औषधाच्या दुकानांत. ऑक्टोबरपासून प्रौढांना ठरावीक मात्रेपर्यंत फार्मासिस्टशी बोलून चिठ्ठीशिवायही मिळू लागली. दरम्यान बेकायदेशीर तंबाखू आणि ई-सिगारेटच्या धंद्यावरून टोळ्यांनी एकमेकांची दुकानं जाळली. चोरून विकणारा गिऱ्हाइकाचं वय विचारत नाही, हे लिहायला मला वाईट वाटतं कारण मी स्वतः आधी बंदीच्या बाजूने होतो.

सांजवेळ

इतकं मन लावून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. दोन दिवस शांतपणे वाचत होते.

माझं मत आता बरंच पक्कं झालंय. कायदा कडक हवा, पण कडकपणा धोक्याच्या मापाने. मुलांपासून लांब ठेवणारे सगळे नियम, म्हणजे वय, जाहिरात, दुकानातली मांडणी, शाळेजवळची विक्री, हे सिगारेटइतकेच कडक असावेत, तसूभरही सैल नकोत. वस्तूच्या आत काय आहे त्याचे नियम मात्र तंबाखूच्या कायद्यातून उसने घेता येणार नाहीत. निकोटीनची मर्यादा, फ्लेवरची तपासणी, बॅटरीचा दर्जा, झाकण हे नव्याने लिहावं लागेल. अमेरिकेत मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची सक्ती २०१६ मध्ये करावी लागली, कारण लिक्विड पोटात जाऊन विषबाधा होत होत्या.

आणि कराबाबत माझं ठाम मत आहे की ई-सिगारेट सिगारेटपेक्षा महाग पडता कामा नये. नाहीतर दादासारखा माणूस परत सिगारेटकडे वळेल. मिनेसोटा राज्याने घाऊक किमतीवर ९५ टक्के कर लावला होता. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तर सिगारेट सोडण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं.

फ्लेवरपाशी मात्र मी अडकलेय. कलिंगडाचा तो वास डोक्यातून जात नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, "तंबाखूच्या चवीचं लिक्विड घेतलं असतं तर मला रोज सिगारेटच आठवली असती."

अबोली

फ्लेवर बंद करा. माझ्या दृष्टीने हा प्रश्नच नाही.

रानवारा

अबोलीताई, मधला मार्ग आहे ना. फ्लेवर असू दे, पण नाव आणि रूप साधं ठेवा. गुलाबी रंग नको, कार्टून नको, मिठायांची नावं नकोत. पांढरं खोकं, काळी अक्षरं. आणि डिस्पोजेबल सरळ बंद. ब्रिटनने १ जून २०२५ पासून तेच केलंय. मुलांच्या हातात प्रामुख्याने तीच असते, आणि आतली लिथियम बॅटरी कचऱ्यात जाऊन पेट घेते ते वेगळंच. मी रिफिल भरतो, कॉइल बदलतो. एवढा खटाटोप कोणी गंमत म्हणून करत नाही.

औषधवाला

रानवारा, तुम्हाला एक गोष्ट मनापासून सांगतो, रागावू नका. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांवरचा एक अभ्यास आला होता. समुपदेशनासोबत ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के जण वर्षानंतर सिगारेटपासून दूर होते. च्युइंगम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांत ९.९ टक्के. फरक मोठा आहे. पण सिगारेट सोडलेल्यांत ई-सिगारेटवाल्या गटातले ८० टक्के जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. तुम्ही तीनवर आलायत. आता शून्याची तारीख ठरवा. आणि मधूनच एखादी सिगारेट ओढत असाल तर ती आधी थांबवा. हृदयाच्या बाबतीत दिवसाला एक सिगारेटही वीस सिगारेटच्या निम्म्याच्या आसपास जादा धोका देते.

रानवारा

लग्नात, मित्रांत, एखादी होते. खोटं कशाला बोलू. थांबवतो.

सांजवेळ

आज त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. भिंग दिलं आणि म्हटलं, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. "निकोटीन पाच टक्के. दोन मिलिलिटर." मग फळ्यावर त्यालाच गणित करायला लावलं. मिलिलिटरला साधारण पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे दोन मिलिलिटरला शंभर. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटीन जातं, हे मी त्याला सांगितलं. सगळंच निकोटीन अंगात जात नाही, हेही सांगितलं. तो खडू हातात धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बाई, ही माझी तिसरी आहे. एक संपायला चार दिवस लागतात."

औषधवाला काका, आता त्याला काय सांगू? घरी अजून कोणाला माहीत नाही.

औषधवाला

ताई, एकटीने पेलू नका. घरी सांगायला हवंच, पण त्याला बरोबर घेऊन, त्याच्यासमोर सांगा. डॉक्टरांकडे न्यायला सांगा, एवढ्या लहान वयात च्युइंगम किंवा पट्ट्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. थांबवल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडेल, झोप लागणार नाही, वर्गात लक्ष लागणार नाही. नंतर कमी होत जातं, पण काही आठवडे लागतात. त्या दिवसांत गृहपाठ राहिला तर रागावू नका, आणि बाकीच्या शिक्षकांनाही कानात सांगून ठेवा.

सांजवेळ

उद्या संध्याकाळी त्याच्या आईला बोलावलंय. तो म्हणाला, "तुम्ही सुरुवात करा, मग मी बोलतो."